तांब्याची गोळी आणि हरिणाचा प्राण

तांबें आणि शिसें या दोन धातूंपैकीं भिण्याजोगा कोणता, असें आपल्याकडील एखाद्या जुन्या गृहिणीस विचारलें, तर ती बहुधा तांब्याकडे बोट दाखवील. कल्हई उडालेल्या पातेल्यांत आमटी करूं नये, तांब्यापितळेच्या भांड्यांत ताक कळकतें, हें ज्ञान तिला सासूकडून मिळालेलें असतें. आणि कल्हईवाल्याची हांक आळींत ऐकूं आली कीं घरोघरचीं भांडीं बाहेर निघत, तीं याच भयामुळें. शिशाची मात्र घरांत कोणास विशेष धास्ती वाटली नाहीं. वैद्य त्यास ‘नाग’ म्हणतात, आणि रंगांत, जुन्या नळांत व छापखान्याच्या खिळ्यांत तें असतें, एवढीच त्याची ओळख.

अमेरिकेंतील व युरोपांतील शिकाऱ्यांपुढें गेलीं कांहीं वर्षें या दोन धातूंचा वाद पडला आहे, आणि तेथें पारडें अगदीं उलट्या बाजूस झुकूं लागलें आहे. शेंकडों वर्षें बंदुकीची गोळी म्हणजे शिसें, असें समीकरणच होतें. आतां सबंध तांब्याची गोळी निघाली असून ती वापरावी असा आग्रह पक्षितज्ज्ञ, वैद्य व कांहीं सरकारें धरीत आहेत. त्यावर जुन्या शिकाऱ्यांचा आक्षेप एकच, पण तो वजनदार आहे. ते विचारतात : या नव्या गोळीनें हरीण तितक्याच लवकर मरतें काय? कीं जखमी होऊन झाडींत शिरतें आणि तासचे तास तडफडत पडतें? पांखरें वांचवावयाचीं म्हणून हरिणाच्या यातना वाढवावयाच्या, हा कोठला न्याय?

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं मांस शिजत नाहीं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांतील हौशी शिकार संपविली. मनूनें तर राजांच्या कामज व्यसनांत मृगयेस पहिलेंच स्थान दिलें आहे. तेव्हां ही चर्चा आपल्याला हवी कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु अमेरिकेंत व युरोपांत हरिणांची शिकार हा सरकारी परवान्यानें चालणारा मोठा व्यवहार आहे. लांडग्यासारखे शत्रु नाहींसे झाल्यानें हरिणें वाढतात आणि रानें व शेतें खातात. एकट्या जर्मनींत दरसाल दहा लाखांहून अधिक रो-हरिणें मारलीं जातात. ती शिकार आपल्या आवडीनिवडीनें थांबणारी नाहीं. जो प्राण जाणारच, तो कसा जावा, आणि त्याच्या जाण्यानें आणखी कोणाचे प्राण जावे, हा प्रश्न मांस न खाणाऱ्यासही विचार करण्याजोगा वाटावा.

हरीण गोळीनें मरतें, म्हणजे नेमकें काय होतें, हें आधीं पाहिलें पाहिजे. मेंदूंत किंवा कण्यांत गोळी लागली तर तें जागच्या जागीं कोसळतें. पण हीं लक्ष्यें लहान, आणि नेम बोटभर चुकला तरी जबडा फुटून जनावर पळून जाण्याचा धोका असतो. म्हणून समंजस शिकारी पुढच्या पायाच्या मागें, छातीच्या पोकळींत नेम धरतो. तेथें काळीज व फुप्फुसें असतात. तीं फाटलीं कीं रक्त वेगानें वाहून जातें, मेंदूला होणारा पुरवठा तुटतो आणि कांहीं सेकंदांत जनावराची शुद्ध हरपते. तेवढ्या अवधींत तें पन्नास-शंभर पावलें धांवूंही शकतें. तें धांवलें म्हणजे गोळी वाईट, असें नव्हे. मात्र गोळीनें केलेली वाट बोरूच्या काडीएवढी अरुंद राहिली, तर रक्त हळूहळू झिरपतें आणि मरण लांबतें. म्हणून शिकारीच्या गोळीकडून दोन कामें हवीं असतात : शरीरांत शिरतांच तिनें पसरावें, आणि पसरूनही खोलवर जावें. हीं दोन कामें परस्परविरोधी आहेत. जी फार लवकर पसरते ती वरच्यावर फुटते. जी मुळींच पसरत नाहीं ती सुईसारखी आरपार जाते. गोळी बनविणाऱ्यांच्या सव्वाशें वर्षांच्या खटपटीचा सारा इतिहास या एका पेंचाचा आहे.

त्या इतिहासांत आपल्या देशाचें एक नांव, फारसें गौरवाचें नसलें तरी, कायमचें कोरलेलें आहे. पूर्वींच्या जाड, संथ, उघड्या शिशाच्या गोळ्या आपोआप चपट्या होत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूर न करणारी दारू निघाली, गोळीचा वेग वाढला, आणि त्या वेगांत उघडें शिसें नळींत टिकेना. १८८२ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील एडुआर्ड रुबिन यानें शिशास तांब्याचें कवच चढविलें. कवचामुळें गोळी शाबूत राहूं लागली, पण शरीरांत पसरेनाशी झाली. तेव्हां कलकत्त्याजवळील दमदमच्या तोफखान्याच्या कारखान्यांत कॅप्टन बर्टी-क्ले यानें कवचाचें टोंक उघडें ठेवून शिशास पसरण्यास वाव दिला. ‘दमदम गोळी’ हा शब्द त्यामुळें जगाच्या कोशांत गेला. १८९९ च्या हेग परिषदेनें युद्धांत अशा पसरणाऱ्या गोळ्यांस बंदी केली. मौज अशी कीं, जी गोळी माणसावर झाडणें क्रौर्य ठरलें, तीच हरिणावर झाडणें दयेचें ठरलें; इंग्लंडच्या कायद्यानें तर हरिणासाठीं मऊ अथवा पोकळ टोंकाचीच गोळी वापरावी असें बंधन आहे. विचार केला तर यांत विसंगति नाहीं. सैनिकाला रणांगणाबाहेर काढलें कीं काम भागतें. हरिणाला जखमी ठेवून कोणाचेंच भलें होत नाहीं.

दमदमची कल्पना शिकारीच्या गोळ्यांत आजतागायत चालली आहे : तांब्याचें पातळ कवच, आंत शिसें, टोंक उघडें किंवा मऊ. शिसें जड, मऊ व स्वस्त. हरिणाच्या बरगड्यांत शिरतांच तें छत्रीसारखें उघडतें. पण उघडतांना त्याचे तुकडेही उडतात. गोळीच्या वजनाचा पाव ते तिसरा हिस्सा, कधीं त्याहूनही अधिक, वाटेंत झडतो. १९४६ सालीं जॉन नॉस्लर या अमेरिकन गृहस्थाची गोळी कॅनडांतील एका दांडग्या मूस सांबरावर वरच्यावर फुटून वायां गेली. त्यानें गोळीच्या मध्यभागीं तांब्याचा आडवा पडदा घातला, म्हणजे पुढचा अर्धा भाग पसरावा आणि मागचा अर्धा घट्ट राहावा. ती युक्ति गाजली, पण पुढच्या भागांतील शिसें उडावयाचें तें उडतच राहिलें. त्या वेळीं त्याचें कोणास कांहीं वाटलेंही नाहीं. मग यूटा संस्थानांतील रँडी ब्रुक्स यानें शिसेंच काढून टाकण्याचा विचार केला. त्याची ‘बार्न्स एक्स’ ही गोळी १९८९ सालीं बाजारांत आली. ती सबंध तांब्याची असून टोंकाशीं खोल छिद्र होतें. शरीरांतील ओलावा त्या छिद्रांत दाबानें शिरला कीं टोंक चार पाकळ्यांनीं उमलावें, आणि गोळी जास्वंदीच्या फुलासारखी उघडून पुढें जावी, अशी तिची योजना. येथें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, ब्रुक्स यास पांखरांची किंवा विषाची काळजी नव्हती. गोळी फुटूं नये, खोल जावी, एवढाच त्याचा हेतु होता. तांब्याची गोळी जन्मली ती शिकाऱ्याच्या गरजेंतून. पक्षिमित्रांनीं तिला मागाहून उचलून धरलें. तिला ‘शहरी लोकांनीं लादलेलें खूळ’ म्हणणारे ही गोष्ट विसरतात.

आतां शिशाच्या त्या उडालेल्या तुकड्यांकडे वळूं.

कॅलिफोर्नियाचें कॉन्डॉर हें गिधाडांच्या वळणाचें प्रचंड पांखरूं. त्याच्या पसरलेल्या पंखांची लांबी साडेनऊ फूट भरते, आयुष्य पन्नास-साठ वर्षांचें असतें, आणि मादी बहुधा दोन वर्षांत एकच अंडें घालते. १९८२ सालीं जगांत अशीं अवघीं २२ पांखरें उरलीं. १९८७ त रानांतलें शेवटचें पांखरूंही पकडून आणलें. तेव्हां सारी जात, एकूण २७ जीव, लॉस एंजेलिस व सॅन डिएगो येथील प्राणिसंग्रहालयांच्या पिंजऱ्यांत होती. तेथें पैदास वाढवून १९९२ पासून तीं पुन्हां रानांत सोडण्यांत येऊं लागलीं, आणि सोडलेलीं पांखरें शिशाच्या विषानें मरूं लागलीं. हें शिसें येतें कोठून, याचा शोध समस्थानिकांवरून लागला. निरनिराळ्या खाणींतील शिशाची घडण थोडीथोडी निराळी असते. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत कॉन्डॉरच्या रक्तांतील शिशाची घडण काडतुसांतील शिशाशीं जुळली.

काडतुसांतलें शिसें पांखराच्या पोटांत कसें जातें? हरीण मारल्यावर शिकारी त्याचें पोट रानांतच फाडतो, आंतडीं व निकामी भाग तेथेंच टाकतो आणि धड घेऊन घरीं जातो. तो ढीग कॉन्डॉरची पंगत असते. त्याच २००६ सालीं ग्रेंजर हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा हरिणांचीं व आंतड्यांच्या ढिगांचीं क्ष-किरण चित्रें घेतलीं. शिशाच्या गोळीनें मारलेल्या हरिणांच्या २० ढिगांपैकीं १८ ढिगांत धातूचे कण दिसले, आणि पांच ढिगांत तर प्रत्येकीं दोनशेंहून अधिक. काळ्या पाटीवर खडूची पूड उडावी तसे ते चित्रांत पसरलेले दिसतात. उलट तांब्याच्या गोळीनें मारलेल्या चार सबंध हरिणांत मिळून सहाच तुकडे सांपडले. ही चार हरिणांची संख्या लहान आहे, हें कबूल. पण शेंकड्यांनीं कण एकीकडे आणि सहा दुसरीकडे, यांतील अंतर योगायोगाचें म्हणवत नाहीं.

आपल्याकडील गिधाडांची कथा ज्यांना आठवत असेल, त्यांना येथें सांगावयास नकोच. १९९० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत भारतांतील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक नाहींशीं झालीं. मुंबईच्या पारशी मंडळींचे दखमे ओस पडले. त्याचें कारण २००४ सालीं उघड झालें. गुरांना दिलें जाणारें डायक्लोफेनॅक हें वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या देहांतून गिधाडांच्या पोटांत जाऊन त्यांचीं मूत्रपिंडें निकामी करीत होतें. २००६ त जनावरांसाठीं त्या औषधावर बंदी आली. तेथें औषध, येथें गोळी. पण चाल एकच. मेलेल्या देहांत माणसानें काय ठेविलें, याची खबर देहाची विल्हेवाट लावणाऱ्या पांखराला नसते. आणि हीं पांखरें एकेकटीं जेवीत नाहींत. एका ढिगावर दहा-दहा उतरतात.

नुसत्या पांखरांचीच गोष्ट असती, तर शिकारी वर्ग इतका हलला नसता. २००८ सालीं नॉर्थ डाकोटा संस्थानांतील विल्यम कॉर्नाटझर या डॉक्टरांनीं, स्वतः शिकारी असून, गरिबांसाठीं दान आलेल्या हरिणाच्या खिम्याचीं सुमारें शंभर पाकिटें जमवून त्यांचा सी. टी. स्कॅन करविला, निम्म्याहून अधिक पाकिटांत धातूचे कण निघाले. सरकारनें अन्नछत्रांना तें मांस टाकून देण्यास सांगितलें, आणि मोठा गहजब झाला. दान देणाऱ्यांना तो आपल्या औदार्याचा अपमान वाटला. यानंतर हंट प्रभृतींनीं अधिक काटेकोर प्रयोग केला. शिशाच्या गोळीनें मारलेलीं ३० हरिणें ३० निरनिराळ्या खाटिकखान्यांत नेहमींच्या गिऱ्हाइकाप्रमाणें दिलीं, आणि परत आलेला खिमा तपासला. तीसपैकीं २४ हरिणांच्या खिम्यांत कण होते. २३४ पाकिटांपैकीं ३२ टक्के दूषित निघालीं. त्यांतलें मांस डुकरांना खाऊं घातलें, तेव्हां दोन दिवसांत त्यांच्या रक्तांतील शिसें स्वच्छ मांस खाल्लेल्या डुकरांहून स्पष्टपणें चढलें. म्हणजे कण नुसते पोटांतून जात नाहींत, विरघळून रक्तांत उतरतात. त्याच सुमारास नॉर्थ डाकोटांतील सातशेंहून अधिक लोकांचें रक्त तपासलें गेलें. शिकारीचें मांस खाणाऱ्यांत शिसें थोडें अधिक आढळलें. तें प्रमाण कोणास तात्काळ आजारी पाडील असें नव्हतें. परंतु शिसें शरीराच्या कसल्याच उपयोगाचें नाहीं; कॅल्शियमचें सोंग घेऊन तें हाडांत शिरतें, दशकें तेथें राहतें, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याची निर्धोक अशी कोणतीही मात्रा ठाऊक नाहीं. तांब्याचें तसें नाहीं. तें शरीराला अल्प प्रमाणांत लागतें, आणि जास्त झालें तर यकृत तें पित्तावाटे बाहेर टाकतें. आंबट ताकांत विरघळून येणारें तांबें बाधतें हें खरेंच; पण हरिणाच्या देहांत गोळी अखंड राहून बहुधा पलीकडे निघून जाते, त्यामुळें पानांत येण्याजोगें कांहीं उरतच नाहीं.

येथवर शिशाचा पक्ष पडला. पण मूळ प्रश्न अजून शिल्लकच आहे. हरिणाचें काय?

शिकाऱ्यांच्या तक्रारी हवेंतल्या नव्हत्या. तांबें शिशाहून हलकें आहे. एक घन सेंटिमीटर शिशाचें वजन ११.३४ ग्रॅम, तर तांब्याचें ८.९६. आपल्या जुन्या मापांत सांगावयाचें तर हरिणासाठीं नेहमीं वापरली जाणारी १५० ग्रेनची गोळी बरोबर दहा मासे भरते. पण तितक्याच जाडीची दहा माशांची तांब्याची गोळी शिशाच्या गोळीहून जवळजवळ सव्वापट लांब करावी लागते. लांब गोळी हवेंत सरळ ठेवणें कठीण असतें. बंदुकीच्या नळींत मळसूत्रासारख्या खांचा असतात. त्या गोळीला भोंवऱ्याप्रमाणें गरगर फिरवितात, आणि त्या फिरण्यानेंच ती स्थिर राहते. गोळी जितकी लांब, तितकें तिचें फिरणें जलद हवें. जुन्या बंदुकींच्या खांचा शिशाच्या आंखूड गोळ्यांसाठीं घातलेल्या. त्यांतून लांब तांब्याची गोळी सोडली, तर ती वाटेंत डगमगूं शकते. यावर उपाय सोपा आहे, पण शिकाऱ्याच्या मनाला पटणें अवघड : हलकी गोळी घ्यावी. बापापासून ‘जितकी जड तितकी बरी’ असें ऐकत आलेल्या माणसाला दहा माशांऐवजीं साडेआठ-नऊ माशांची गोळी घेणें कमीपणाचें वाटतें. वस्तुतः शिशाची गोळी वाटेंत तिसरा हिस्सा गमावते आणि तांब्याची जवळजवळ कांहींच गमावीत नाहीं. म्हणजे हरिणाच्या आंत पोहोंचल्यावर हलकी तीच जड ठरते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर. शिसें मऊ, म्हणून मंद वेगांतही पसरतें. तांबें चिवट, त्याला उमलावयास जोराचा आघात लागतो. सामान्यतः गोळी जनावराला लागते त्या क्षणीं तिचा वेग सेकंदाला १८०० ते २००० फुटांच्या वर असावा लागतो. प्रसिद्ध ‘थर्टी-ओ-सिक्स’ बंदुकीची गोळी नळींतून सुमारें २९०० फूट वेगानें निघते, त्यामुळें तीनशें यार्डांपर्यंत चिंता नाहीं. परंतु खटका खालीं ओढून भरावयाची ‘थर्टी-थर्टी’ ही जुनी लोकप्रिय बंदूक दीडएकशें यार्डांतच या मर्यादेपाशीं येते. तिच्यासाठीं मुद्दाम मऊ व रुंद तोंडाची केलेली तांब्याची गोळी घ्यावी, नाहींतर अंतर कमी ठेवावें. हा नियम न पाळणाऱ्यांनीं जीं हरिणें गमावलीं, त्यांच्या कथा शिकाऱ्यांच्या शेकोटीभोंवतीं फार दिवस फिरत राहिल्या. पहिल्या पिढीच्या गोळ्यांत दोषही होते. त्यांचें तांबें नळीला घासून चिकटे, नेम सैल पडे, आणि कधीं पाकळ्या उघडतच नसत. २००३ च्या सुमारास गोळीच्या अंगाला आडव्या खांचा पाडून घर्षण कमी केलें, नंतर टोंकाच्या छिद्रांत प्लॅस्टिकची चोंच बसविली, जेणेंकरून आघात होतांच ती मागें रेटली जाऊन पाकळ्या उघडाव्या. आजची गोळी ही १९८९ ची गोळी नव्हे. जुन्या अनुभवावरून नवीन वस्तूची परीक्षा करणारे शिकाऱ्यांतच आहेत असें नाहीं. पण येथें त्याची किंमत दुसरे जीव देतात.

मग प्रत्यक्ष रानांत काय दिसलें? सर्वांत भरंवशाची तपासणी डेन्मार्कमध्यें झाली. नील्स कान्स्ट्रुप व त्यांचे सहकारी यांनीं नेहमींच्या शिकारींत, नेहमींच्या शिकाऱ्यांकडून, ६५७ खुरी जनावरांच्या नोंदी जमविल्या. त्यांत बहुतेक लाल हरिणें व रो-हरिणें होतीं. दोन गोष्टी मोजल्या : एका जनावरामागें किती बार लागले, आणि गोळी लागल्यावर तें किती दूर धांवलें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, व्यवहारांत लक्षांत घ्यावा असा कांहीं फरक तांब्याच्या व शिशाच्या गोळींत आढळला नाहीं. ब्रिटनमधील पक्षिसंरक्षण संस्थेच्या रानांतल्या प्रयोगांनीं आणि जर्मनींतील जखमांच्या मोजमापांनींही याच दिशेचें उत्तर दिलें. धांवेचें अंतर ही कसोटी आम्हांस फार योग्य वाटते. प्रयोगशाळेंतील लगद्यावर गोळी झाडून काढलेलीं चित्रें कितीही सुबक असोत, हरिणाचा शेवटचा क्षण किती लांबला हें त्याच्या पावलांनींच मोजावें लागतें.

फरक आहे तो मरणाच्या तऱ्हेंत. शिशाची गोळी आंत फुटून चोहोंकडे फांकते, म्हणून नेम थोडा मागें सरकला तरी तिचे तुकडे फुप्फुसांची चाळण करतात. तांब्याची गोळी सरळ, खोल वाट पाडते. नुसत्या मऊ फुप्फुसांतून गेली तर हरीण थोडें अधिक धांवूं शकतें. म्हणून अनुभवी लोक तांब्याच्या गोळीसाठीं नेम किंचित् पुढें, खांद्याच्या हाडाकडे धरावयास सांगतात. शिशाच्या गोळीला हाड म्हणजे अडथळा, तांब्याच्या गोळीला तेंच उमलण्याचें निमित्त. शिवाय ती बहुधा आरपार निघते; दोन भोंकांतून रक्त सांडतें आणि जनावराचा माग सहज लागतो. गोळीच्या वाटेभोंवतींचें मांसही कमी नासतें. थोडक्यांत ही गोळी ढिसाळ नेमाला कमी क्षमा करते. यास कोणी दोष म्हणतील. आमचें मत विचारलें तर, ज्याला नेमाची खात्री नाहीं त्यानें बार काढूंच नये. गोळीच्या फुटण्यावर भरंवसा ठेवून झाडलेला बार हा शिशाचा गुण नसून शिकाऱ्याचा आळस आहे.

कायद्याचें म्हणाल, तर प्रत्येक देशानें आपापली रीत निवडली. कॅलिफोर्नियानें २००७ सालीं कायदा करून कॉन्डॉरच्या मुलुखांत शिशाच्या गोळीस बंदी केली, ती २००८ पासून अमलांत आली. मग २०१३ च्या कायद्यानें १ जुलै २०१९ पासून साऱ्या संस्थानांत शिकारीसाठीं शिसें बंद झालें. डेन्मार्कनें छऱ्यांतलें शिसें १९९६ सालींच हद्दपार केलें होतें. १ एप्रिल २०२४ पासून रायफलीच्या गोळ्यांतलेंही केलें, आणि असें करणारा तो पहिला देश ठरला. ॲरिझोनानें मात्र सक्ति टाळली. तेथील वनखातें २००५ पासून कॉन्डॉरच्या मुलुखांत परवाना मिळालेल्या शिकाऱ्यांस तांब्याचीं काडतुसें फुकट देतें, आणि ज्याला शिसेंच हवें त्यानें निदान आंतडीं रानाबाहेर आणावीं म्हणून बक्षिसांची सोडत काढतें. दहांतील आठांहून अधिक शिकारी आपखुशीनें या योजनेंत सामील होतात. एवढें होऊनही कॉन्डॉर शिशानें मरणें थांबलेलें नाहीं. एक तर तीं पांखरें दिवसांत शंभर-दीडशें मैल उडतात, त्यांना संस्थानांच्या सीमा ठाऊक नाहींत. आणि दुसरें, पंगतींत एकच पान विषारी असलें तरी त्यावर दहा जण जेवतात. आज कॉन्डॉर पांचशेंहून अधिक आहेत, पण त्यांना वरचेवर पकडून रक्त तपासावें लागतें आणि शिसें उतरविणारीं औषधें द्यावीं लागतात. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत अमेरिकेच्या ३८ संस्थानांतील १२१० गरुड तपासले, तेव्हां जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत दीर्घकाळच्या विषबाधेच्या खुणा निघाल्या. प्रश्न एका दुर्मिळ पांखरापुरता उरलेला नाहीं.

तांब्याचीं काडतुसें साध्या शिशाच्या काडतुसांहून महाग असतात, ही तक्रार खरी आहे. पण हरिणाच्या शिकाऱ्याला हंगामांत लागतात तीं दोन-चार. खर्च वाढतो तो सरावाचा, कारण जी गोळी रानांत झाडावयाची तिनेंच आधीं नेम जुळवून घ्यावा लागतो. जनावरासाठीं केलेल्या एकूण प्रवासाच्या, परवान्याच्या व बंदुकीच्या खर्चांत काडतुसांचा वांटा नगण्यच म्हणावा लागेल.

आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें, सुना, नातवंडें आज मिनेसोटांत, विस्कॉन्सिनांत, टेक्ससमध्यें राहतात, आणि त्यांच्यांतील कित्येक जण मांसाहार करतात. तेथें नोव्हेंबरांत शेजारी हरिणाचें मांस भेट म्हणून आणून देतात. तें प्रेमानें दिलेलें असतें, नाकारणें जड जातें. अशा वेळीं गोळी शिशाची होती कीं तांब्याची, एवढें विचारण्यांत कांहीं उणेपणा नाहीं. तेथील शिकाऱ्यांना हा प्रश्न आतां परिचयाचा आहे. शिशाची असल्यास गरोदर स्त्रियांनीं व लहान मुलांनीं तें मांस खाऊं नये, असा तेथील आरोग्यखात्यांचा सल्ला असतो. इतरांनींही खिम्यापेक्षां पाठीचे किंवा मागच्या मांडीचे अखंड तुकडे घ्यावे, कारण ते जखमेपासून दूर असतात, तर खिम्यांत जखमेजवळचे कातरलेले भाग मिसळतात. जखमेभोंवतालचें वीतभर मांस टाकून देणें बरें. तें धुऊन कांहीं साधत नाहीं. पाण्यानें कण निघून जाण्याऐवजीं इकडून तिकडे पसरतात, आणि त्यांतील पुष्कळसे इतके बारीक असतात कीं दातांखालीं आले तरी जाणवत नाहींत.